विमान कोणत्या अक्षरांचं? सोलापूरच्या एका पायलट लायसन्सचं प्रकरण

मुलगी चोवीस वर्षांची. घर सोलापूरच्या पूर्व भागातलं, वडिलांचे अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टेरी टॉवेलचे माग. २०२४ साली तिला डीजीसीएचं, म्हणजे नागरी हवाई वाहतूक महासंचालनालयाचं, कमर्शियल पायलट लायसन्स (सीपीएल) मिळालं, मल्टी-इंजिन आणि इन्स्ट्रुमेंट रेटिंगसह, म्हणजे एकाहून जास्त इंजिनांचं विमान आणि नुसत्या उपकरणांवरचं उड्डाण यांच्या परवानगीसह. एकूण उड्डाण २०८ तास. त्यानंतर दीडेक वर्ष घरीच. मधल्या काळात दोन विमान कंपन्यांच्या भरत्या झाल्या. एकीत लेखी परीक्षेतच राहिली, दुसरीत मुलाखतीपर्यंत गेली आणि पुढे फोनच आला नाही. शिक्षणाच्या कर्जाचा हप्ता मात्र चालू झाला.

अशा घराला जे भेटायचं तेच भेटलं. एका कन्सल्टन्सीनं सांगितलं, 'इंडियन लायसन्स आम्ही युरोपियन करून देतो.' अठ्ठावीस लाख रुपये, चौदा महिने आणि शेवटी 'प्लेसमेंट असिस्टन्स'. पन्नास हजारांचं टोकन देऊन झालं होतं. उरलेल्यासाठी जुळे सोलापूरचा प्लॉट काढायचं घरात बोलणं चाललं होतं, आणि 'बॅच भरत आलीय' असा फोन दर दोन दिवसांनी येत होता.

मी डीजीसीएच्या पेपरांची शिकवणी घेतो, त्यामुळे अशा फाइली आपोआप माझ्याकडे येतात. ही फाइल लिहून काढायला घरच्यांची हरकत नाही. नावं काढली आहेत, ओळख पटेल असे एक-दोन तपशील बदलले आहेत. तास, तारखा आणि नियम यांना हात लावलेला नाही.

वडिलांनी पिशवीतून फाइल काढली आणि एकच प्रश्न विचारला, "सर, बाकीचं राहू द्या. हे लायसन्स तिकडं चालतंय का नाही, तेवढं सांगा की."

चालतं, पण कुठल्या विमानावर

१९४४ च्या शिकागो कराराचं ३२ वं कलम यावर अगदी स्पष्ट आहे. आंतरराष्ट्रीय उड्डाण करणाऱ्या विमानाच्या वैमानिकाकडे, ते विमान ज्या देशात नोंदलेलं आहे त्या देशानं दिलेलं किंवा त्या देशानं ग्राह्य धरलेलं लायसन्स असलं पाहिजे. म्हणजे विमान कुठे उडतंय हा मुद्दा नाही, ते कुठे नोंदलंय हा आहे. भारतात नोंदलेल्या विमानावर 'व्हीटी'नं सुरू होणारी अक्षरं असतात. ते विमान घेऊन ही मुलगी उद्या लंडनला गेली तरी तिचं भारतीय लायसन्स पुरतं. उलट आयर्लंडमध्ये नोंदलेलं 'ईआय' अक्षरांचं विमान अगदी गोव्यात उभं असलं, तरी त्याच्या कॉकपिटमध्ये ती या लायसन्सवर कामाला बसू शकत नाही.

सोलापूरकराला हे समजायला जरा जड जातं, कारण आपल्याकडे निम्म्या रस्त्यावर केए पाटीच्या गाड्या. एमएच-१३ च्या आरटीओचं लायसन्स खिशात घालून माणूस केएची गाडी विजापूरपर्यंत बिनघोर नेतो. विमानाच्या बाबतीत पाटी बदलली की लायसन्सचा प्रश्न नव्यानं उभा राहतो.

तो सोडवायच्या वाटा दोन. पहिली व्हॅलिडेशनची: तो देश तुमच्या मूळ लायसन्सला ठरावीक मुदतीसाठी मान्यता देतो. मूळ लायसन्स संपलं की मान्यताही संपली. ही बहुतेक वेळा कंपनी मागते, कंपनीच्या विमानापुरती. आपल्याकडे परदेशी कॅप्टन आणले जातात तेव्हा डीजीसीए त्यांना एफएटीए नावाची तात्पुरती परवानगी देते, तो याच जातीचा कागद. दुसरी वाट कन्व्हर्जनची: तुमचा अनुभव जमेस धरून तो देश स्वतःचं नवं लायसन्स देतो, आणि ते मूळ लायसन्सवर अवलंबून राहत नाही. परीक्षा, मेडिकल, उड्डाण चाचणी सगळं त्यांचं.

कन्सल्टन्सीच्या पत्रकात हे दोन्ही शब्द एकाच अर्थानं आलटून पालटून वापरले होते. एवढ्यावरूनच मी सावध झालो.

२०८ आणि २२८

पत्रकाला एक अर्ज जोडलेला होता, कन्सल्टन्सीच्या माणसानंच भरलेला. त्यात एकूण तास २२८. लॉगबुकच्या शेवटच्या पानावर चीफ इन्स्ट्रक्टरच्या सहीशिक्क्यासह २०८. वरचे वीस कुठून आले ते शोधायला वेळ लागला नाही. सिम्युलेटरचे वीस तास एकूण उड्डाणात मिळवले होते. सिम्युलेटर हे उड्डाण नव्हे. इन्स्ट्रुमेंटच्या काही तासांसाठी ते मर्यादेत चालतं, एकूण उड्डाण म्हणून लिहिता येत नाही. भारतीय सीपीएललाही इन्स्ट्रुमेंटच्या किमान दहा तासांपैकी जास्तीत जास्त पाचच सिम्युलेटरवर धरतात. परदेशी प्राधिकरण लॉगबुक आणि डीजीसीएकडून आलेली पडताळणी शेजारी ठेवून बघतं. तिथे असा फरक दिसला की पुढची सगळी फाइल संशयानं वाचली जाते. आणि अर्जाखाली सही कन्सल्टन्सीची नसते, उमेदवाराची असते.

दुसरी गोष्ट नावाची. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात, आणि त्याच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक अक्षर जास्त. डीजीसीएचा कॉम्प्युटर नंबर, म्हणजे तिथला उमेदवाराचा नोंदणी क्रमांक, गुणपत्रिकेवरून काढलेला, त्यामुळे लायसन्सवरचं नाव एक आणि पासपोर्टवरचं दुसरं. भारतात यानं काही अडलं नव्हतं. पडताळणीचं पत्र एका नावानं आणि व्हिसाचा अर्ज दुसऱ्या नावानं गेला की मात्र अडतं. पूर्व भागातल्या तेलुगू आडनावांच्या बाबतीत हा घोळ मी पुष्कळदा पाहिलाय. शाळेतल्या कारकुनानं कानाला लागलं तसं लिहिलेलं असतं, आणि ते पुढे वीस वर्षं कुणाला खटकत नाही.

तिसरी गोष्ट मुदतींची. लायसन्सचं ठीक होतं, कारण ऑक्टोबर २०२३ च्या दुरुस्तीनं सीपीएल आणि एटीपीएलची (एअरलाइनच्या कॅप्टनला लागणाऱ्या वरच्या लायसन्सची) मुदत पाच वर्षांवरून दहा झाली. वडिलांना वाटत होतं की दहा वर्षं निर्धास्त. पण लायसन्स जिवंत असतं ते त्याच्या आतल्या दोन गोष्टींवर. चाळिशीच्या आतल्या वैमानिकाचं क्लास वन मेडिकल एक वर्ष चालतं, आणि इन्स्ट्रुमेंट रेटिंगही एकच वर्ष. हिचं मेडिकल दोन महिन्यांत संपणार होतं आणि इन्स्ट्रुमेंट रेटिंग संपून गेलेलं होतं. म्हणजे ज्या 'सीपीएल एमई-आयआर'चं रूपांतर करायला अठ्ठावीस लाख मागितले जात होते, त्यातलं 'आयआर' त्या घटकेला चालू स्थितीत नव्हतं. कन्सल्टन्सीनं याबद्दल चकार शब्द काढलेला नव्हता.

युरोपचा हिशोब

पत्रकावर 'ईयू-यूके लायसन्स' असं ठळक छापलेलं होतं. असं एक लायसन्स आता अस्तित्वात नाही. ब्रिटन १ जानेवारी २०२१ पासून युरोपियन यंत्रणेच्या म्हणजे ईएएसएच्या बाहेर आहे. लंडनचं लायसन्स वेगळं, डब्लिनचं वेगळं, परीक्षाही वेगळ्या. ईएएसएत युरोपियन युनियनचे सत्तावीस देश आणि शिवाय आइसलंड, नॉर्वे, लिक्टेनस्टाइन, स्वित्झर्लंड. त्यातल्या एका देशाचं लायसन्स बाकीच्या तीस देशांत चालतं. लोकांना युरोपचं आकर्षण असतं ते यामुळे, आणि ते चुकीचं नाही.

पण तिथे पोचायची किंमत बघा. युरोपियन नियमानुसार तिसऱ्या देशाचं लायसन्स असलेल्याला त्यांच्या सगळ्या अटी पूर्ण कराव्या लागतात. सवलत मिळते ती कोर्सचा कालावधी, धडे आणि प्रशिक्षणाचे तास यांत, आणि तीही तिथल्या मान्यताप्राप्त प्रशिक्षण संस्थेच्या शिफारशीवर. परीक्षेत सवलत नाही. एअरलाइनचा विचार असेल तर एटीपीएलचे तेरा विषय: हवाई कायदा, विमानाची रचना आणि यंत्रणा, उपकरणं, वजन आणि संतुलन, परफॉर्मन्स, फ्लाइट प्लॅनिंग, मानवी क्षमता, हवामान, सामान्य नॅव्हिगेशन, रेडिओ नॅव्हिगेशन, ऑपरेशनल प्रोसीजर, उड्डाणाची तत्त्वं आणि रेडिओ संवाद. प्रत्येकात ७५ टक्के. एका विषयाला चारच संधी, आणि पहिल्या परीक्षेपासून अठरा महिन्यांत सगळे सुटले पाहिजेत, नाहीतर पहिल्यापासून.

मुलीनं विचारलं, "सर, मेट (हवामान) आणि नॅव्हिगेशन मी डीजीसीएत दिलंय ना? ते पण परत?" परत. डीजीसीएचे ७० टक्क्यांचे पेपर तिथे एकाही विषयाच्या बदल्यात चालत नाहीत. अभ्यास उपयोगी पडतो, मार्कशीट नाही. मेडिकलचंही तसंच. युरोपचं पहिलं क्लास वन मेडिकल त्यांच्या मान्यताप्राप्त वैमानिकी वैद्यकीय केंद्रातच करावं लागतं. त्यानंतर उड्डाण चाचण्या, एक सीपीएलची आणि एक इन्स्ट्रुमेंटची. एअरलाइनच्या जेटवर पहिलं टाइप रेटिंग, म्हणजे त्या जातीचं विमान उडवायची परवानगी, घ्यायचं तर डिसेंबर २०१९ पासून विमान बेकाबू झाल्यास सावरायचं, म्हणजे यूपीआरटीचं, प्रगत प्रशिक्षणही लागतं. पत्रकातल्या अठ्ठावीस लाखांत ते धरलेलं नव्हतं. राहण्या-खाण्याचा खर्च आणि पुन्हा द्याव्या लागणाऱ्या परीक्षांचं शुल्कही नव्हतं.

एवढं सगळं करून हाती काय लागतं, तर २३०-४० तासांचा युरोपियन लायसन्सधारक. तिथे असे स्थानिक तरुण आधीच रांगेत असतात, आणि त्यांना व्हिसा लागत नाही.

मामांचा फोन

युरोपच का, याचं कारण डब्लिनला राहणारे मुलीचे मामा. आयटीत आहेत, भाचीवर जीव. त्यांनीच आग्रह धरला होता की आयर्लंडमध्ये विमान कंपन्या सतत माणसं घेतात, मी स्वतः जाहिराती बघतो. बोलणं माझ्यासमोर स्पीकरवर झालं. मी त्यांना म्हटलं, "एखादी जाहिरात उघडा आणि अटी शेवटपर्यंत वाचून दाखवा."

त्यांनी वाचायला सुरुवात केली. ईएएसए लायसन्स, चालू इन्स्ट्रुमेंट रेटिंग, क्लास वन मेडिकल, इंग्रजीची पातळी. मग 'युरोपियन युनियनमध्ये राहण्याचा आणि काम करण्याचा विनाअट हक्क'. तिथे ते थांबले. थोड्या वेळानं म्हणाले, "हे तिला नाही."

तिला नाहीच, आणि मामा असल्यानं ते मिळत नाही. लायसन्स विमानासाठी असतं. त्या देशात पगार घेऊन काम करायचा हक्क ही पूर्णपणे वेगळ्या खात्याची बाब आहे, आणि त्या खात्याला तुमच्या लॉगबुकशी देणंघेणं नसतं. नव्या, बिनअनुभवी फर्स्ट ऑफिसरसाठी, म्हणजे सहवैमानिकासाठी, परवान्याची खटपट करायची कंपनीला गरज पडत नाही. अनुभवी, टाइप-रेटेड माणसासाठी कधीकधी पडते. माझ्या पाहण्यातली बहुतेक कन्व्हर्जनं इथेच वाया गेली आहेत. लायसन्स हातात, घरी परतीचं तिकीटही हातात.

मामा नाराज झाले. त्यांचं म्हणणं होतं की निदान लायसन्स तर होऊन जाईल, हक्काचं पुढे बघता येईल. मला ते पटलं नाही, आजही पटत नाही. त्या लायसन्सचंही मेडिकल आणि रेटिंग दरवर्षी चालू ठेवावं लागतं, आणि ते युरोमध्ये.

मग अमेरिका, कॅनडा, आखात?

युरोप बारगळलं की घरात नकाशा उघडतोच. मी प्रत्येक देशाला याच दोन चाळण्या लावल्या: तिथल्या विमानांवर बसायचं लायसन्स कसं मिळणार, आणि तिथे काम करायचा हक्क कुठून येणार.

अमेरिकेबद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे, की भारतीय लायसन्स दाखवलं की अमेरिकन मिळतं. मिळतं, पण प्रायव्हेट पायलटचं. त्यांच्या नियमांतल्या ६१.७५ या कलमाखाली परदेशी लायसन्सच्या आधारावर खासगी उड्डाणापुरतं प्रमाणपत्र देतात, पगारी उड्डाणासाठी नाही. कमर्शियल हवं तर त्यांची लेखी, त्यांची उड्डाण चाचणी आणि त्यांचे तास.

तासांच्या बाबतीत मी मुलीकडून एक गणित करून घेतलं, कारण अशा ठिकाणीच फाइल अडकते. सर्वसाधारण मार्गानं अमेरिकन सीपीएलला २५० तास लागतात. ४२ कमी पडत होते, ते समजण्यासारखं होतं. पण तिथली लांब क्रॉस-कंट्री, म्हणजे एका विमानतळाहून दुसऱ्यावर जायचं उड्डाण, अशी हवी: एकूण किमान ३०० नॉटिकल मैल, आणि उतरलेल्या ठिकाणांपैकी एक मूळ विमानतळापासून सरळ रेषेत किमान २५० मैलांवर. भारतीय सीपीएललाही ३०० नॉटिकल मैलांची क्रॉस-कंट्री आहे, दोन वेगळ्या विमानतळांवर पूर्ण थांबून. मुलगी म्हणाली, "माझी ३१० ची आहे, ती चालेल." मी तिला कागदावर त्रिकोण काढायला लावला. ती आपल्या तळावरून निघाली, दोन ठिकाणी उतरली आणि तळावर परत आली. ३१० मैलांच्या बंद फेरीत सुरुवातीच्या जागेपासून जास्तीत जास्त किती दूर जाता येईल? निम्मं, म्हणजे १५५. तेसुद्धा नाकासमोर जाऊन त्याच वाटेनं परत आल्यास. २५० चा प्रश्नच येत नाही. म्हणजे ती क्रॉस-कंट्री भारतीय लायसन्ससाठी पूर्ण आणि अमेरिकन लायसन्ससाठी शून्य. दोन्ही देशांत ३०० हा आकडा एकच, म्हणून कुणी आत डोकावून बघत नाही.

शिवाय २००९ च्या बफेलोजवळच्या अपघातानंतर अमेरिकेनं नियम कडक केले. २०१३ पासून प्रवासी एअरलाइनच्या फर्स्ट ऑफिसरलाही साधारणपणे १,५०० तास आणि एटीपी, म्हणजे त्यांचं एटीपीएल, लागतं. मध्ये जी काही वर्षं उडायचं, ती उडायला कामाचा हक्क पाहिजे, आणि विद्यार्थी व्हिसावर तो तेवढा मिळत नाही. अमेरिका इथेच संपली.

कॅनडाची लेखी परीक्षा युरोपच्या मानानं सोपी. कमर्शियलचा पेपर ६० टक्क्यांना सुटतो आणि मागचे तास जमेस धरतात. ज्याच्याकडे कॅनडाचं पीआर आहे त्याला मी ही वाट आनंदानं सांगेन. हिच्याकडे नव्हतं.

आखाताची गोष्ट उलटी आहे. तिथे कामाचा व्हिसा कंपनीच काढते आणि लायसन्सची मान्यताही बहुधा कंपनीच्या मार्फत होते, त्यामुळे आपल्या पदरचे लाखो घालून आधी कन्व्हर्जन करायची गरज नसते. भारतीय कॅप्टन आणि फर्स्ट ऑफिसर तिथे मोठ्या संख्येनं आहेत. पण ते गेले ते मोठ्या विमानावरचे तास घेऊन. सेसनावरच्या २०८ तासांना तिथे दार नाही. मी वडिलांना म्हटलं, "अण्णा, परदेशात लायसन्स बदलून घेणाऱ्याला नोकरी मिळत नाही. नोकरी मिळालेल्याचं लायसन्स बदलून देतात." त्यांनी मान डोलावली, पण चेहऱ्यावर अजून प्लॉटच होता.

'तुटवडा आहे म्हणतात की'

त्यांची खरी शंका पुढे आली. डिसेंबर २०२५ च्या सुरुवातीला देशातल्या सगळ्यात मोठ्या विमान कंपनीची हजारो उड्डाणं रद्द झाली, वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम आणि कमी पडलेले वैमानिक हे कारण टीव्हीवर दिवसभर चाललं. त्याआधी २०२३ मध्ये दोन मोठ्या कंपन्यांनी मिळून जवळजवळ हजार विमानांची ऑर्डर दिलेली. "एवढा तुटवडा असताना माझी पोरगी घरी का?"

प्रश्न रास्त आहे. तुटवडा कॅप्टनचा असतो, आणि त्या त्या विमानावर तयार असलेल्या माणसांचा. नव्या सीपीएलचा नाही. २०२३ या एका वर्षात डीजीसीएनं १,६२२ सीपीएल दिली. ही सगळी मुलं टाइप रेटिंगशिवाय एकाच दारात उभी राहतात, आणि दार कंपनीच्या भरतीच्या दिवशीच उघडतं. कॅप्टन तयार व्हायला वर्षं लागतात. कंपन्यांनी त्यांना धरून ठेवावं म्हणून २०१७ पासून नियमच आहे की नोकरी सोडताना कॅप्टननं एक वर्षाची आणि फर्स्ट ऑफिसरनं सहा महिन्यांची नोटीस द्यायची. हे ऐकून वडील चमकले, कारण इथे नोकरी लागली की लगेच आखातात पाठवायचं असा त्यांचा बेत होता. तसं होत नाही, आणि बाँड असला तर आणखीच नाही.

सोलापुरातल्या पायलटच्या घरावर सध्या एक वेगळाच ताणही आहे. सिद्धेश्वर कारखान्याची चिमणी १५ जून २०२३ ला पडली, जून २०२५ मध्ये गोव्याचं विमान सुरू झालं, ऑक्टोबरमध्ये मुंबईचं. तेव्हापासून लग्नकार्यात भेटणारा प्रत्येक जण मुलीला विचारतो, 'होटगी रोडवर कधी उतरवतीस?' वर्षानुवर्षं विमानतळ असून विमान नसलेल्या गावाचा हा उत्साह आहे, त्यात वावगं काही नाही. पण ज्या मुलीचं इन्स्ट्रुमेंट रेटिंग संपलंय तिला तो बोचतो, आणि अठ्ठावीस लाखांचं पत्रक अशाच वेळी बरोबर वाटू लागतं.

काय ठरलं

तीन पर्याय कागदावर मांडले. पहिला, युरोपचं कन्व्हर्जन आत्ताच. दुसरा, पंधरा-वीस लाख खर्चून स्वतःच्या पैशानं ए३२० चं टाइप रेटिंग आणि मग टाइप-रेटेड भरतीची वाट. तिसरा, मेडिकल आणि इन्स्ट्रुमेंट रेटिंग चालू करून असिस्टंट फ्लाइट इन्स्ट्रक्टरचं रेटिंग घ्यायचं, एखाद्या फ्लाइंग स्कूलमध्ये शिकवत तास वाढवायचे आणि दर भरतीला बसायचं.

दुसऱ्या पर्यायाला मी साफ नाही म्हटलं नाही. काहींना तो फळतो. पण टाइप रेटिंगही वापरलं नाही तर शिळं होतं, आणि कंपनीनं ते विमान सोडून दुसरंच घेतलं तर अडकायला होतं. मुलीचा कल दुसऱ्याकडे होता, कारण इन्स्ट्रक्टर होणं म्हणजे मागे जाणं अशी तिच्या बॅचमध्ये समजूत. मला स्वतःला हे हास्यास्पद वाटतं. उजव्या सीटवर बसून दुसऱ्याच्या चुका सावरणाऱ्याचं हँडलिंग जितकं सुधारतं, तितकं सिम्युलेटरच्या पॅकेजमध्ये सुधारत नाही.

कौल लागला तो युरोपच्याच एका नियमामुळे. तिसऱ्या देशाचं एटीपीएल असलेल्या आणि त्यांच्या एटीपीएलचा अनुभव पूर्ण केलेल्या वैमानिकाला तिथे कोर्स न करता थेट परीक्षा आणि चाचणीला बसू देता येतं. हा अनुभव म्हणजे एकूण १,५०० तास, त्यातले ५०० दोन वैमानिकांच्या विमानावर. तेरा पेपर तेव्हाही चुकत नाहीत. पण आज ज्या शिकवणीचे पैसे पत्रकात सगळ्यात वर होते, ती माफ होऊ शकते, आणि हातात अनुभव असल्यानं कंपनीला व्हिसाची खटपट परवडू शकते. तेच लायसन्स आज घेतलं तर महाग आणि निरुपयोगी. एअरलाइनमध्ये लागल्यावर एवढे तास व्हायला दोन-तीन वर्षं पुरतात; वर्षाची कमाल मर्यादा १,००० तास आहे. हे ऐकल्यावर मुलगी पहिल्यांदा वडिलांना म्हणाली, "पप्पा, प्लॉट ठेवा."

त्यानंतरची कामं कंटाळवाणी होती आणि तीच महत्त्वाची. आधी मेडिकल, कारण त्यात काही निघालं तर बाकी सगळं व्यर्थ. ते सुखरूप पार पडलं. मग नावाचा घोळ: पासपोर्टचं स्पेलिंग गुणपत्रिकेप्रमाणे करून घेतलं, कारण उलट करायचं तर बोर्डापासून डीजीसीएपर्यंत सगळीकडे अर्ज. मग इन्स्ट्रुमेंट रेटिंगचं नूतनीकरण. लॉगबुकची पानं स्कॅन करून ई-लॉगबुकशी ओळीनं ओळ ताडून पाहिली. एका रात्रीच्या उड्डाणाची वेळ दोन ठिकाणी वेगळी निघाली, ती फ्लाइंग स्कूलकडून सहीनं दुरुस्त करून घेतली. आता फेब्रुवारी २०२५ पासून लायसन्स मोबाइलवर इलेक्ट्रॉनिक स्वरूपात मिळतं, पण आतल्या नोंदी चुकीच्या असतील तर त्या चुकीच्याच दिसतात, फक्त लवकर दिसतात.

सध्या ती इन्स्ट्रक्टर रेटिंगचं प्रशिक्षण घेतेय. इन्स्ट्रक्टरच्या पहिल्या पगारात कर्जाचा हप्ता पूर्ण भागणार नाही, हे वडिलांना आधीच सांगितलेलं आहे. फरक मागांच्या उत्पन्नातून भरायचा ठरलंय, आणि टॉवेलच्या धंद्याची आजची स्थिती बघता ते सोपं नाही. मामांचं मत अजून बदललेलं नाही. टोकनचे पन्नास हजार परत आलेले नाहीत. पावतीवर बारीक अक्षरांत 'ना-परतावा' छापलं आहे, पण अर्जात वाढवून लिहिलेले वीस तास कन्सल्टन्सीच्याच माणसाच्या अक्षरात आहेत. त्या अर्जाची प्रत जोडून ग्राहक आयोगाकडे जायचं का, यावर वडील वकिलाशी बोलतायत.